कोरी बाटली

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या बाईंना नव्या यंत्रावर सही करायची होती. गटाराचं पाणी शुद्ध करून ते पुन्हा नळाला सोडायचं, तेही या यंत्राच्या भरवशावर. म्हणजे ते चुकलं, तर अख्खं गाव औषधं-बिषधं पिणार. "तळ्यात चिमूटभर टाका, हे सांगेल," असं विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता.

बाईंनी दोन बाटल्या लावल्या. एक मुख्य गटाराची. तिच्यात सगळं सापडायलाच हवं. दुसरी स्वतःच्या घरच्या मोरीची. तिच्यात काही सापडू नये. कारण त्यांच्या घरी सिगारेट, कॉफी, झोपेच्या गोळ्या, सगळं बंद होतं. तसा बाईंचा हुकूमच होता.

दुपारी घरच्या बाटलीचा निकाल हाती आला. कॉफी, तंबाखू आणि झोपेची गोळी! बाई रागावल्या नाहीत. त्यांना नुसती उत्सुकता लागून राहिली. कोण, कधी आणि कुठे लपून?

संध्याकाळी त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "मशीन सांगतंय, घरात कुणीतरी सिगारेट ओढतं."

नवऱ्याने आधी कागदाकडे आणि मग आईकडे पाहिलं. "एकच गं. न्हाणीघरात. थोटूक मोरीत विझवतो."

"आणि कॉफी?"

सासूबाईंनी चष्मा पुसायला घेतला. "तू कामावर गेलीस की दोन कप. तोंडाला काही चव नको का? मग झोप येत नाही, म्हणून गोळी. आणि केसांना कलप, तो मात्र महिन्यातून एकदाच."

"कलपाचं मी विचारलंच नव्हतं, आई!"

"मग अशी टक लावून कशाला बघत होतीस?"

काय यंत्र आहे, बाई मनात म्हणाल्या, आणि सही करायला त्यांनी पेन उघडलं. तेवढ्यात प्रयोगशाळेतून सहायकाचा फोन आला. त्याचा आवाज घरभर ऐकू येत होता.

"बाई, घोटाळा झाला हो. बाटल्यांच्या चिठ्ठ्या उलट्या चिकटवल्या गेल्या. तुम्ही नेलात तो निकाल गटाराचा. तुमच्या घरची बाटली एकदम कोरी. मानलं तुमच्या घराला!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "यंत्र नापास. जास्त असलं तरच त्याला दिसतं, थोडं असलं की ते आंधळं."

"पण तुमच्या घरी काही नाहीच ना? साहेबांना कारण काय सांगू?"

समोर नवरा दोन्ही हातांनी 'नको, नको' करत होता. गावाचं पाणी एकीकडे, घरची अब्रू दुसरीकडे.

सासूबाई उठल्या आणि त्यांनी सुनेच्या हातातून फोन घेतला.

"साहेबांना म्हणावं, मी सांगतेय. रोज दोन कप. आणि पाणचट नाही हो, चांगली कडक!"