पंखा उठत न्हाई

आमचे भागवतअण्णा लॅपटॉपला पेचकस लावून त्याची तब्येत बघतात. पेचकसाचं टोक लॅपटॉपच्या बुडाला, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या वर्कशॉपात मशीनचं बेअरिंग असंच ऐकतात. त्यामुळे लॅपटॉपची तऱ्हा वेगळी असते, हे त्यांना पटवणं अशक्य.

अण्णा पारनेरकडचे. सगळी नोकरी त्यांनी मेंटेनन्समध्येच काढली. दुरुस्तीच्या नोंदी ते या लॅपटॉपवर ठेवतात. तो त्यांच्या मुलीने वापरून दिलेला. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे.

या लॅपटॉपला एक खोड. झाकण लावलं की तो झोपतो, उघडलं की उठतो. पण पंखा काही उठत नाही. पंख्याला हुकूम सोडणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम असतो, तो झोपेतून उठला की आपलं कामच विसरतो. मग लॅपटॉप तापतो आणि आपोआप बंद पडतो. तो बंद करून पुन्हा चालू केला की झालं, पण अण्णांना ते मान्य नाही.

"झोपंतनं उठलेल्या मान्साला कुनी मारून परत जित्ता करतं का?"

तापाच्या त्यांच्या तीन पायऱ्या आहेत: "हात टिकतोय", "हात टिकत न्हाई" आणि "पापड भाजंल". ही बातमी रोज अकराच्या चहाला फोनवरून मुलीला जायची. "सुमे, आज बी पंखा उठला न्हाई गं. पापड भाजंल." ती काहीबाही करून बघायला सांगायची. अण्णा "व्हय, व्हय" म्हणायचे आणि त्यातलं एकही करायचे नाहीत.

मला दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची सवय. एका दुपारी अण्णा मशीनखाली आडवे असताना मी लॅपटॉपमध्ये नवा ड्रायव्हर टाकला. झाकण लावलं, उघडलं, पंखा लगेच फिरला. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. अण्णांनी पेचकस लावून तीनतीनदा खात्री केली.

"लई भारी केलं, भाऊ," म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहाला फोन लागला. "सुमे, पंखा उठला गं... व्हय... न्हाई, बाकी काय न्हाई. बरं, कर तू काम." फोन खिशात गेला तेव्हा चहाला तोंडही लावलं नव्हतं. पुढचे चार दिवस फोन झालाच नाही. अण्णा मोबाईल काढायचे, तिचं नाव बघायचे आणि परत ठेवायचे.

पाचव्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. "जुना ड्रायव्हर परत टाकता येतो का?"

"अण्णा, चांगला चाललाय तो. मुद्दाम बिघडवायचा?"

ते हाताचं ग्रीस फडक्याला पुसत राहिले. "सुमीची आई हुती तवर तीच बोलायची फोनवर. मी नुसता बाजूला बसायचो. आता पोरीशी काय बोलावं, मला सुचत न्हाई, भाऊ. पंख्याचं तेवढं बोलता येतं."

मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली. जुना ड्रायव्हर टाकायला दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ अण्णा मोबाईल हातात धरून शेजारीच उभे होते.