भिंगरीची डबल बेल

ही हकीकत प्रस्तुत लेखकाने प्रथम ऐकली ती एका मंगळवारी सायंकाळी सहाच्या सुमारास, खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांकडून. म्हणजे ज्यांच्यावर हा प्रसंग ओढवला त्यांच्याच तोंडून. दोन दिवसांनी तीच त्यांच्या पत्नीकडून ऐकली. एक मुद्दा वगळता दोन्ही कथनांत तफावत नाही. तो मुद्दा शेवटी, त्याच्या जागी येईल.

हे शेजारी बस चालवतात. नव्या चालकांना शिकवण्याचे कामही त्यांच्याकडे असल्याने डेपोत सगळे त्यांना ‘उस्ताद’ म्हणतात. चौदा वर्षांत त्यांच्या गाडीला साधा ओरखडा नाही. (लेखक येथे राहायला आला, तेव्हा त्याचे सामान उतरण्यापूर्वीच त्याला हे कळले होते.) त्यांची शिकवण एकच: कंडक्टरने सिंगल बेल दिली की थांबायचे, डबल दिली की गाडी सोडायची. “घंटीपुढं स्वतःचं डोकं चालवायचं नाही आणि मागं वळून बघायचं नाही!”

हाच कायदा घरीही लागू होता. त्यांची अडीच वर्षांची कन्या भिंगरी जेवताना घरभर पळे, म्हणून उस्तादांनी चमच्याची बस केली. ‘डबल’ म्हणत वाटीवर दोनदा टकटक झाली की तोंड उघडायचे, एकदा झाली की पाण्यासाठी थांबा. मूल जेवू लागले खरे. परंतु त्यानंतर ते घंटीवाचून घास घेईना.

सात महिन्यांनी उस्तादांना धड सुट्टी मिळाली, तेव्हा त्यांनी ठरवले की बसने तळ्यावर जायचे आणि भिंगरीला पहिल्यांदा होडीत बसवायचे, तेही स्वतःच्या मांडीवर. याकरिता त्यांनी लेकीसाठी पिवळी टोपीसुद्धा आणली होती.

“अहो, पण एक अट,” पत्नी म्हणाली. “आज तुम्ही पॅसेंजर. गाडीत नाक खुपसायचं नाही.”

“मी कशाला खुपसतोय?”

“मागच्या खेपेला त्या बिचाऱ्या ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेऊन तुमच्यापुढं हात जोडले होते.”

“त्याचं गिअर बदलणं ऐकलं होतंस का तू?”

“बघा, झालं सुरू! आज असं काही केलंत, तर मी आणि भिंगरी होडीत आणि तुम्ही काठावर.”

दुर्दैवाने त्या दिवशीचा चालक उस्तादांचाच गेल्या वर्षीचा शिष्य निघाला. मोहाला जागा नको, म्हणून ते मुद्दाम मागच्या दाराजवळच्या बाकावर बसले. पहिली चाळीस मिनिटे त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. मात्र त्यांचा उजवा पाय प्रत्येक वळणावर जमिनीत रुतू लागला, आणि पुढच्या बाकाखाली ठेवलेली एका आजीबाईंची पिशवी तीनदा चेपली गेली.

“अहो, पाय!”

“मुंग्या आल्यात.”

“उजव्याच पायाला? आणि नेमक्या वळणावर?”

वाटेतल्या एकमेव स्थानकावर गाडी थांबली. कंडक्टर वेळेची नोंद करायला खाली उतरला आणि उस्तादांचा धीर सुटला. “पाय मोकळे करून येतो,” असे सांगून ते उतरले ते थेट मागच्या डाव्या चाकाकडे. त्यांनी टायरला लाथ मारून पाहिली. परतणाऱ्या कंडक्टरलाही हाक मारली.

“इकडे या. हवा कमी वाटत नाही?”

“नाही हो.”

“असं उभ्यानं नाही कळायचं. खाली बसा.”

दोघेही चाकापासून हातभर अंतर राखून उकिडवे बसले. एवढ्यात वर घंटी वाजली. टण्, टण्.

“डबल कोणी दिली?” कंडक्टरने विचारले, आणि दोघे पाहत असतानाच समोरचा टायर गाडीसकट निघून गेला.

चालकाने मागे वळून पाहिले नाही. त्याला शिकवणूकच तशी होती.

दोघांनी भाड्याच्या खुर्च्या नेणारा एक टेम्पो थांबवला. कंडक्टर घड्याळ बघत बसला. उस्तादांनी दहा मिनिटे कशीबशी कळ काढली.

“क्लच सोडा जरा,” मग ते म्हणाले. “जळेल अशानं.”

“काका, तुम्ही चालवता का?”

“चालवू?”

टेम्पोवाल्याने टेम्पो थांबवला. “उतरा.”

कंडक्टर टेम्पोतून तळ्यावर पोहोचला. उस्ताद उरलेले दीड किलोमीटर चालत गेले.

ते पोहोचले तेव्हा होडी पाण्याच्या मधोमध होती. तिच्यात पिवळी टोपी दिसत होती. “बाबा, टाटा!” असा आवाजही आला. उस्तादांनी हात हलवला आणि काठावरच्या दगडावर बसकण मारली. शेजारी त्यांचा शिष्य येऊन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“उस्ताद, चुकलं का माझं? डबल झाली, मी सोडली. मागं बघायचं नाही, असं तुम्हीच...”

“नाही रे. बरोबर केलंस,” उस्ताद म्हणाले. अक्कलदाढ काढतानाही त्यांना इतका त्रास झाला नव्हता, असे ते सांगतात.

होडी काठाला लागली. ती दिवसाची अखेरची फेरी होती.

“घंटी कोणी दिली?” त्यांनी पत्नीला विचारले.

“भिंगरीनं.”

“मग तू सिंगल देऊन गाडी थांबवायची की नाही?”

“अहो, पॅसेंजरनं घंटीला हात लावायचा नसतो. तुम्हीच सांगता ना?”

उस्तादांनी लेकीला उचलून घेतले. “काय गं, तू डबल दिलीस?”

‘डबल’ हा शब्द ऐकताच भिंगरीने मोठा आ केला. त्यात एक बिस्किट ठेवण्यावाचून उस्तादांपुढे मार्ग उरला नाही, आणि रागही तिथेच संपला. अडीच वर्षांच्या मुलीने बिनचूक डबल दिली, ही गोष्ट ते आता डेपोत अभिमानाने सांगतात.

येथे तो मुद्दा येतो. उस्तादांच्या परवानगीने लेखकाने डेपोत उभ्या असलेल्या त्याच बसमध्ये मोजमाप केले. घंटीची दोरी जमिनीपासून एकशे ब्याऐंशी सेंटिमीटर उंच आहे. बाक पंचेचाळीस. टाचा उंचावून, हात वर करून भिंगरी एकशे आठ. हिशेबात एकोणतीस सेंटिमीटर कमी पडतात.

“उडी मारली असेल,” उस्ताद म्हणाले. “मुलगी कोणाची आहे!”

त्यांच्या पत्नीलाही विचारून पाहिले. त्या भांडी पुसत होत्या. त्यांनी शांतपणे हात वर केला, सर्वांत वरच्या फळीवरचा डबा टाचासुद्धा न उचलता खाली काढला आणि लेखकापुढे धरला.

“टेप खिशात ठेवा,” त्या म्हणाल्या, “आणि बिस्किट घ्या.”

त्या फळीची उंची लेखकाला अद्याप मोजता आलेली नाही. त्यामुळे एवढा भाग खात्रीने सांगता येत नाही.