उत्कृष्ट उजाड

वसाहतीच्या मागे, बंद पडलेल्या पंपघराला लागून, दोन बसगाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढा जमिनीचा तुकडा होता. त्यावर गेली चार वर्षे भाजी उगवत होती. या गोष्टीची नोंद कोणत्याही कार्यालयात नव्हती, त्यामुळे सगळे सुरळीत चालले होते.

भाजी पिकवायच्या त्या सिस्टर. बत्तीस वर्षे इस्पितळात नर्स म्हणून काढून निवृत्त झालेल्या या बाईंना अख्खी वसाहत सिस्टरच म्हणे. रोपांनाही त्या पेशंटसारखेच वागवत. सकाळी सातला फेरी, पाने उलटून तपासणी, कोमेजलेल्याची जरा जास्त विचारपूस. पालक, टोमॅटो, वाटाणा, भोपळा असे काहीबाही एकोणीस घरांत पोचत असे. तळमजल्यावरचे मास्तर बायको गेल्यापासून कुणाशी बोलत नसत. पण टोमॅटोला काठ्या बांधायला रोज येत आणि बांधता बांधता चार वाक्ये बोलून जात. दिवसभराचे त्यांचे बोलणे तेवढेच.

अडचण पाण्याची होती. सिस्टरच्या स्वयंपाकघरातून खाली सोडलेली रबरी नळी उन्हाने जागोजागी फुटली होती. एक टाकी बसवली असती तर प्रश्न मिटला असता. नेमके तेव्हाच सिस्टरचे दीर वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. भाऊजींची सारी हयात आवक-जावक विभागात गेली होती. कोरा अर्ज दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर तजेला येई.

"वहिनी, 'सामूहिक खाद्यबाग प्रोत्साहन अनुदान'! टाकी मिळतेय. फक्त एक अर्ज करायचा."

"अहो भाऊजी, टाकी काय, वर्गणी काढून घेऊ की."

"वर्गणीतून घेतली तर ती नुसती टाकी. मंजूर होऊन आली तर तिला लाभ म्हणतात."

सिस्टरना हा फरक नीटसा कळला नाही, पण भाऊजींचा उत्साह पाहून त्या गप्प बसल्या. इथेच चुकले.

कार्यालयात सहा नंबरच्या टेबलावर एक बाई होत्या. अतिशय सौजन्याने त्यांनी विचारले, "बाग आहे?"

"आहे ना," सिस्टर अभिमानाने म्हणाल्या. "चार वर्षं झाली."

बाईंनी पेन खाली ठेवले. "मग कठीण आहे. ही योजना बाग सुरू करण्यासाठी आहे. तुमची सुरू झालेली आहे."

"मग चालू बागेसाठी काही नाही का?"

"आहे की. 'विद्यमान बाग संवर्धन'. पण त्यासाठी बाग आमच्या अनुदानातून सुरू झालेली लागते." बाईंनी आवाज खाली आणला. "माझं ऐका. जागा उजाड असल्याचा दाखला आणा. बाकी मी बघते."

संध्याकाळी वसाहतीची सभा भरली. भाऊजींनी बाजू मांडली, की रोपे काय, पुन्हा लावता येतात; योजनेची मुदत पुन्हा येत नाही. ठराव एकाविरुद्ध अठरा मतांनी संमत झाला. विरोध मास्तरांचा होता, पण कारण सांगण्यासाठी बोलावे लागले असते, म्हणून त्यांनी नुसताच हात वर केला. सिस्टर कुणाच्याच बाजूने बोलल्या नाहीत. नळी आणखी महिनाभर टिकणार नाही हे त्यांना दिसत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने बाग उपटली. मास्तरांनी एकेक काठी सोडवून मोळी बांधली आणि एक अक्षर न बोलता घरी गेले. ते परत आले नाहीत.

दाखल्यासाठी कार्यालयाचे निरीक्षक आले. त्यांनी बुटाने माती उकरली, चिमटीत घेऊन हुंगली आणि मान हलवली.

"उजाड आहे, पण सुपीक वाटते. सुपीक जमिनीला सुधारणेची गरज काय, असं वर विचारतील."

"चार वर्षं शेणखत घातलंय हो तिला!"

"तेच तर. आधीच लाभ दिलेला दिसतोय."

भाऊजी डगमगले नाहीत. त्यांनी पाडकामाचा राडारोडा दोन ट्रक भरून मागवला आणि तुकड्यावर ओतून घेतला. निरीक्षक पुन्हा आले तेव्हा फुटक्या फरशा, सिमेंटचे गोळे आणि एक मोडका कमोड पाहून त्यांना भरून आले. दाखल्यावर त्यांनी स्वतःहून शेरा मारला: 'उत्कृष्ट उजाड'. त्या हंगामात असा शेरा दुसऱ्या कुणालाच मिळाला नाही, हे भाऊजी आजही सांगतात.

मग प्रशिक्षण आले. भाजी पिकवण्याचे प्रमाणपत्र असल्याखेरीज भाजी पिकवता येत नाही, असा नियम होता. सहा आठवडे सिस्टर आणि भाऊजी एका वातानुकूलित सभागृहात बसले. पहिल्या आठवड्याचा विषय होता 'रोप : संकल्पना आणि व्याप्ती'. प्रत्यक्ष रोप कुठेच नव्हते. ते आणले असते तर गालिचा खराब झाला असता. शेवटी परीक्षा झाली. 'रोपास पाणी केव्हा द्यावे?' या प्रश्नाला सिस्टरनी 'माती कोरडी झाल्यावर' असे उत्तर लिहिले आणि त्या नापास झाल्या. भाऊजींनी 'मंजुरीनंतर' असे लिहिले आणि ते विशेष श्रेणीत उत्तीर्ण झाले. ज्यांनी जन्मात कुंडीलासुद्धा हात लावला नव्हता ते प्रकल्पप्रमुख झाले. सिस्टरना 'निरीक्षक सदस्य, मताधिकाराविना' असे पद मिळाले.

अनुदान मंजूर झाले. राडारोडा साफ झाला, कुंपण आले, टाकी आली आणि टाकीपेक्षा मोठा फलक आला. उद्घाटनाला साहेब येणार होते, आणि साहेबांचा फोटो भाजीसोबत हवा, असे परिपत्रक होते.

"आठ दिवसांत टोमॅटो कुठून येणार?" सिस्टरनी विचारले.

"बाजारातून," भाऊजी म्हणाले.

त्यांनी काठ्या रोवल्या आणि पाच किलो टोमॅटो शिवणाच्या दोऱ्याने त्यांना बांधले. साहेबांनी कात्रीने दोरा कापला, टोमॅटो हातात घेतला आणि म्हणाले, "मातीची चव वेगळीच!" टाळ्या झाल्या. फोटो छापून आला. लांबलांबून लोक बाग बघायला येऊ लागले. फलक वाचत, टाकीवर टिचकी मारून पाहत आणि समाधानाने परत जात.

पाहुणे ओसरल्यावर सिस्टर खुरपे घेऊन उतरल्या. भाऊजी फाटकात आडवे आले.

"वहिनी, थांबा. तीन वर्षांनी तपासणी आहे. तोवर मंजूर स्थितीत बदल करायचा नाही, असं पत्र आहे."

"म्हणजे लावायचं काहीच नाही?"

"नाही."

"आणि टाकी?"

"भरायची नाही. भरली की वापरलेली ठरते."

सिस्टर खुरपे घेऊन घरी परतल्या. बत्तीस वर्षांत त्यांनी डॉक्टरांचे ऐकले, मेट्रनचे ऐकले, पण पेशंट समोर तहानलेला असताना कागदाची वाट कधी पाहिली नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी फलकाच्या मागे, कुणाला दिसणार नाही अशा बेताने, त्यांनी मूठभर पालकाचे बी पेरले आणि तांब्याने पाणी घातले.

आठवड्याने बोटभर हिरवी रेघ उमटली. मास्तर कसे कोण जाणे, तिथे आले. गुडघ्यावर हात टेकून वाकले. "उगवलं," ते म्हणाले.

त्याच दुपारी भाऊजींनाही ती रेघ दिसली. ते मनाने वाईट नव्हते, पण प्रमुख होते.

"वहिनी, माझा नाइलाज आहे. मंजूर प्रकल्पात अनधिकृत वनस्पती आढळली, तर वीस नागरिकांच्या सह्यांनिशी कळवावं लागतं."

"कोण करणार सही? सगळ्यांनी खाल्लीय माझी भाजी!"

भाऊजी कागद घेऊन निघाले आणि पाऊण तासात परतले. सह्या एकवीस होत्या. कुणी घाईत होते, कुणाचे दूध गॅसवर होते, कुणी दारातच "कुठे करू?" असे विचारले होते. कागद कसला आहे हे सही करणाऱ्या एकानेही विचारले नव्हते. मास्तरांनी विचारले होते. त्यांची सही नव्हती.

महिन्याने, एका सोमवारी पथक आले. पंचनामा झाला: 'पालक, अंदाजे दीड जुडी, मुळासकट'. पथकातल्या एकाने ती पिशवीत घालून घरी नेली.

तक्रारीची एक प्रत सिस्टरना रीतसर मिळाली. चष्मा लावून त्यांनी एकेक सही ओळखली. वीस जण वसाहतीतलेच निघाले. एकविसावी मात्र कुणाचीच वाटेना. भाऊजींना विचारले तर ते म्हणाले, "ते होय? फाटकाबाहेर कुणीतरी पेपर वाचत उभं होतं. चांगलं शिकलेलं, सभ्य माणूस. पेन पुढे केलं, केली सही."

सिस्टरनी ती सही अजून जपून ठेवली आहे. वळणदार आहे, खाली एक ठसठशीत रेघ आहे. जरा निरखून बघा बरं, ओळखीची वाटते का?