हासनं बाकी शे

आमच्या गल्लीतून सकाळी बाहेर पडायचं असेल, तर जिभाऊंना हसून दाखवावं लागतं.

नुसतं हसून भागत नाही. आधी दात दिसतील असं हसायचं. मग डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायचे, आणि जिभाऊंचे दहा आकडे मोजून होईपर्यंत खाली आणायचे नाहीत. शेवटी सुरतेहून जळगावपर्यंतची मोठी स्टेशनं ओळीने म्हणायची. उधना, चलथाण, बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव, जळगाव. सगळं नीट झालं की जिभाऊ गल्लीच्या फाटकाची कडी काढतात आणि म्हणतात, “पास. जाय कामले.”

मी साड्यांच्या प्रिंटची डिझाइन्स करते. सुरतेतच पर्वत पाटियाजवळ ऑफिस आहे, साडेसातला स्कूटर काढावी लागते. सांगितलं की हसायचं, हे मला शाळेच्या ग्रुप फोटोतही जमलेलं नाही. त्यामुळे मी ओठ घट्ट मिटून हात वर धरते आणि स्टेशनं म्हणते. तीही मला येत नव्हती. गावाला जाताना मी नेहमी झोपलेली असायचे. फोनमध्ये इंग्रजी अक्षरांत लिहून पाठ केली. तीन वर्षं रोज जिभाऊ माझा एकच निकाल लावत आले.

“हात पास. टेसनं पास. हासनं बाकी शे.”

आणि कडी काढताना माझ्या तोंडाकडे असं बघत, जसं काही मी त्यांच्यापासून काहीतरी लपवते आहे.

खान्देशात थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात. हे कुणाचे थोरले भाऊ, ते आता कुणालाच आठवत नाही; सगळी गल्लीच त्यांना जिभाऊ म्हणते. वय सत्तरीच्या आसपास. अंगात पांढरा पायजमा, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. आमच्या समोरच्या घरात एकटे राहतात. मुलगा हजिऱ्याला कंपनीत आहे, सणाला येतो.

पस्तीस वर्षं त्यांनी कापडाच्या लूमवर काढली. एका वेळी आठ मशीन बघायचे. त्या खडखडाटात कान गेले. अगदी जवळ येऊन बोललं तर थोडं कळतं, बाकी सगळं ते समोरच्याच्या ओठांवरून वाचतात. आठ मशिनींत कुठे सुताची एक तार तुटली की लांबून दिसायची, तसं आता माणसाच्या तोंडाचा एक कोपरा खाली आला की दिसेल, असं त्यांचं म्हणणं. ही विद्या त्यांनी एका दवाखान्याच्या लकव्यावरच्या शिबिरात मिळवली. तिथली नर्स गुजरातीत समजावत होती. हसायला लावा, हात वर करायला लावा, काहीतरी बोलायला लावा, एवढं जिभाऊंनी तिच्या ओठांवरून उचललं. काय बोलायला लावायचं ते तिने सांगितलं नव्हतं. स्टेशनं जिभाऊंनी स्वतःची घातली.

त्यांच्या तपासणीतून कुणी सुटत नाही. दूधवाला गुजराती आहे. तो रोज “काका, मोडुं थाय छे” अशी उशिराची कुरकुर करत कॅन खाली ठेवतो, हात वर करतो आणि नंदुरबारपर्यंतची स्टेशनं गुजराती चालीत म्हणतो. त्याला नंदुरबारपर्यंतच पास आहे. मागच्या वैशाखात शेजारच्या योगेशची वरात निघाली, तर जिभाऊंनी फाटकातच घोडी थांबवली. योगेशने दोन्ही हात वर केले, लगाम सुटला, घोडीला वाटलं निघायचं. नवरदेव हात वर धरलेले, “व्यारा, नवापूर” ओरडत कोपऱ्यापर्यंत गेला. जिभाऊ मागून समाधानाने म्हणाले, “पास.”

दुसरी लढाई कोपऱ्यावरच्या सोडावाल्याशी. कारखान्याची पाळी सुटली की एखादा कारागीर छाती चोळत गाडीशी येतो, “गॅस झालाय, जिरा सोडा दे” म्हणतो. जिभाऊ तिथे हजर. “घाम येस का? हात दुखस का? जबडा?” तो नाही-हो करेपर्यंत सोड्याची बाटली त्यांच्या हातात गेलेली असते. “गॅस टाकीमा ऱ्हास, छातीमा नही,” हे त्यांचं वाक्य गल्लीत म्हणीसारखं झालं आहे. दोघातिघांना त्यांनी खरंच हात धरून दवाखान्यात नेलं. एकाला तिथून थेट ऑपरेशनला घेतलं. बाकीच्यांना खरोखरच गॅस होता, आणि ते अजून जिभाऊंशी बोलत नाहीत.

पण जिभाऊंचं राज्य बुडालं ते माझ्यामुळे. म्हणजे मला बघायला आलेल्या पाहुण्यांमुळे.

धुळ्याचं स्थळ होतं. मुलगा, त्याची आई, आणि खांदा आखडलेले वडील. वडिलांनी आदल्याच आठवड्यात नवी कवळी बसवली होती. फाटकात जिभाऊ म्हणाले, “हासा.” ते हसले, कवळी एका बाजूला सरकली. “हात वर करा.” एकच हात वर गेला. “टेसनं म्हना.” ते संतापून काहीतरी बोलले, पण कवळीमुळे ओठांवर त्याचा नुसता काला झाला. जिभाऊंनी पुढचं काही विचारलं नाही. दूधवाल्याला अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावायला सांगितलं. आई वर पोहे परतत होती, तेव्हा खाली माझ्या होऊ घातलेल्या सासऱ्यांना स्ट्रेचरवर निजवत होते.

दवाखान्यात काही निघालं नाही. ब्लडप्रेशर फार वाढलेलं होतं, पण ते कशाने, हे डॉक्टरांनाही कळत होतं.

ते स्थळ गेलं. मी घरात दोन दिवस वाईट वाटल्यासारखा चेहरा ठेवला. पप्पा मात्र पेटले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी विषय काढला, आणि ठरलं की जिभाऊंनी फाटकात कुणाला अडवायचं नाही. पप्पांनीच समोर उभं राहून, ओठ नीट हलवत त्यांना सांगितलं, “जिभाऊ, आता बस झालं. लोकांना कामं असतात.” जिभाऊंनी मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून फाटक उघडं राहू लागलं.

ते आपल्या ओट्यावर बसत, गल्लीकडे पाठ करून. समोर दिसलं तर बघावंसं वाटेल म्हणून असेल. दूधवाला दोन-तीन दिवस सवयीने कॅन खाली ठेवून थांबायचा, मग निघून जायचा.

असे आठ-दहा दिवस गेले. एका सोमवारी मी जिना उतरत होते, तर आईने वरून हाक मारली, “अगं, डबा राहिला. डोकं तरी नेतेस का रोज?” मी डबा घेतला, खाली गेले, आणि हेल्मेट विसरलं म्हणून पुन्हा वर आले. तेवढ्यात आईच्या हातातला झारा पडला होता. ती डाव्या हाताने उचलायला बघत होती, आणि हात झाऱ्याच्या शेजारी पडत होता. माझ्याकडे बघून ती हसली. एकाच बाजूने.

तीन वर्षं रोज सकाळी, स्वतःचं तोंड लपवायला, मी फाटकात दुसऱ्यांची तोंडं बघत उभी राहिले होते. ते हसू कसलं आहे, हे मला लगेच कळलं.

“आई, स्टेशनं म्हण.”

“आता तूही सुरू झालीस का,” पप्पा पेपरामागून म्हणाले.

आई म्हणाली, “उधना. चल... चल...” आणि तिची जीभ तिथेच लोळू लागली.

पप्पा उठले. घाबरले होते, पण घाबरल्यावर आमच्याकडची माणसं जे करतात तेच त्यांनी केलं. “अंगावरून वारं गेलंय. पंख्याखाली झोपली होती.” अमळनेरच्या काकांना फोन लावला. काका म्हणाले, घेऊन या, इथे झाडपाल्याचं औषध देणारा एक आहे, शंभर लोकांचं वारं उतरवलंय त्याने. गाडीला अजून तासभर होता. पप्पांनी कपाटावरची बॅग काढली.

“पप्पा, दवाखाना,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

मी गल्लीत पळाले. जिभाऊ ओट्यावर, पाठ करून. आयुष्यात पहिल्यांदा मी रस्त्यात उभी राहून ओरडले, आणि ते ऐकायला समोर बहिरा माणूस होता. मग त्यांच्या पुढ्यात गेले. उजवा हात वर केला, डावा लोंबता सोडला, आणि बोटाने स्वतःच्या तोंडाचा डावा कोपरा खाली ओढला. मग आमच्या जिन्याकडे बोट दाखवलं.

माझं दाखवून पुरं होण्याआधी जिभाऊंनी चपला सोडून जिना गाठला होता.

त्यांनी आईला हसायला सांगितलं नाही. एकदा तोंडाकडे बघितलं आणि मला विचारलं, “शेवटलं धड कधी बोलनी?”

“सात वीसला. डबा राहिला म्हणून रागावली.”

“इसरू नको. तेच पहिलं सांगजो डाक्टरले.” मग ते पप्पांकडे वळले. पप्पांच्या हातात बॅग होती. जिभाऊंनी ती काढून घेतली नाही, फक्त तिच्यावर हात ठेवला.

“गाडी नही, भाऊ. मी बठेल शे त्या गाडीमा.”

पप्पांनी बॅग सोडली.

अ‍ॅम्ब्युलन्स आली. ड्रायव्हर तोच, मागच्या वेळचा. जिभाऊंना बघून थबकला, या वेळी तरी खरं आहे ना म्हणून खात्री करायला. “काका, आ वखते साचुं छे ने?” त्यांनी त्याच्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली. कुठल्या दवाखान्यात मेंदूचा फोटो काढायचं मशीन सकाळीही चालू असतं, ते त्यांना पाठ होतं. डॉक्टरांनी वेळ विचारली, मी सांगितली. आईला आत नेलं. इंजेक्शन द्यायला वेळ हातात आहे, एवढं सांगून डॉक्टर आत गेले.

पप्पा दाराशी उभे राहिले. मी आणि जिभाऊ बाकावर. ते अनवाणीच होते. समोरच्या भिंतीकडे बघत ते आपल्या अहिराणीत बोलत राहिले. मी माझ्या मराठीत सांगते.

त्यांच्या बायकोचं नाव सुमनबाई. बारा वर्षांपूर्वी असंच सकाळी भाकरी थापताना तिचा हात गळाला. तेव्हाही सगळे म्हणाले वारं, गावाला ने. ते गाडीत बसले. उधन्याला ती काहीतरी बोलली, यांना कळलं नाही. चलथाणला पुन्हा बोलली. यांनी कान तिच्या तोंडाशी नेला. बारडोलीला, व्याऱ्याला ती बोलतच होती, आणि हे हो हो म्हणत होते. तिचे शब्द मोडले आहेत, हे यांच्या लक्षातच आलं नाही.

“मले वाटनं, मनाच कान गयात,” जिभाऊ म्हणाले. दोष आपल्याच कानांचा, असं त्यांनी धरलं होतं.

नवापूरला ती बोलायची थांबली. त्यानंतर दोन वर्षं जगली, पण एक शब्द बोलली नाही. गाडीत ती काय सांगत होती, ते राहूनच गेलं.

आई अकराव्या दिवशी घरी आली. डाव्या हाताची दोन बोटं अजून ऐकत नाहीत, पोळी तिला मीच लाटून देते आणि ती माझ्या पोळ्यांना नकाशे म्हणते. बोलणं पूर्ण परत आलं. दवाखान्यातच जळगावपर्यंत स्टेशनं म्हणून दाखवली आणि विचारलं, गॅस कुणी बंद केला होता.

पुन्हा मीटिंग झाली नाही. आई घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पाच फाटकात गेले, उघडं फाटक स्वतः लावून घेतलं, आणि ओट्यावरच्या जिभाऊंच्या समोर जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले. मागे दूधवाल्याने कॅन खाली ठेवला.

मी जिन्यावरून बघत होते. जिभाऊंनी सगळ्यांना पास केलं. कामाला जाणारे कामाला गेले, आणि ते फाटकाला कडी घालून आपल्या दाराकडे वळले. दारामागे कुणी नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की या माणसाचं तोंड सकाळी कोण बघतं?

मी जिना उतरून त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले.

“जिभाऊ, आता तुम्ही.”

त्यांना वाटलं आपण ओठ चुकीचे वाचले. “काय म्हननी?”

“हसा.”

ते गोंधळले. इकडेतिकडे बघितलं. मग हसले. खालचे दोन दात नव्हते. हे गल्लीत कुणालाच माहीत नसणार. हसू दोन्हीकडून सारखं होतं. हात वर केले. मी दहा मोजले. हात हलले नाहीत.

“स्टेशनं.”

“उधना,” ते म्हणाले. “चलथाण. बारडोली. व्यारा.” जरा थांबले. “नवापूर.”

पुढचं आलं नाही. तोंड वाकडं झालं नव्हतं, जीभ जड झाली नव्हती. ते नुसते थांबले होते. इतकी वर्षं ही यादी ते दुसऱ्यांकडूनच म्हणून घेत आले होते.

“नंदुरबार,” मी म्हणाले. ओठ नीट हलवत, त्यांना दिसतील असे. “दोंडाईचा. शिंदखेडा. नरडाणा.” ते माझ्या तोंडाकडे बघत होते. अमळनेर गेलं, धरणगाव गेलं. जळगाव आलं.

“पास,” मी म्हणाले. “जाय कामले.”

माझी अहिराणी फार वाईट आहे. ती माझ्याच तोंडून ऐकून मला हसू आवरलं नाही.

जिभाऊ एक पाऊल पुढे आले. एखादी तार तपासावी तसं माझं तोंड आधी या बाजूने बघितलं, मग त्या बाजूने. मग सुटकेचा मोठा श्वास सोडला.

“सरळ शे,” ते म्हणाले, आणि फाटकाची कडी काढायला गेले.