आप्पांनी पुस्तक परत मागितलं

पुण्याच्या प्रकाशकाचा फोन आला, तेव्हा राधाकृष्ण आप्पा ढगे ओट्यावर बसून स्वतःचंच पुस्तक वाचत होते. पुस्तक आदल्या आठवड्यात जामखेडला छापून झालं होतं आणि कालपर्यंत सगळीकडे वाटूनही झालं होतं. फोन मात्र दीड वर्ष उशिरा आला होता.

"ढगे ना? मी गोवंडे. तुमचं हस्तलिखित वाचलं. आवडलं मला. आपण काढूया पुस्तक."

आप्पा ताडकन उभे राहिले. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर सगळी नोकरी काढलेला माणूस. साहेबाचा आवाज कानावर आला की पाय आपोआप जुळायचे.

"एकच विचारतो," गोवंडे म्हणाले, "हा मजकूर आधी कुठे पुस्तकरूपात आलेला नाही ना? तसं असेल तर आम्ही हात लावत नाही. नियमच आहे आमचा."

"छे छे, कुठं न्हाई!" आप्पा म्हणाले आणि हातातलं पुस्तक त्यांनी पाठीमागे लपवलं. फोनवर ते दिसत नाही, हे त्यांच्या जरा उशिराने लक्षात आलं.

काट्यापुढे उसाच्या गाड्यांची रांग लागायची आणि नंबर येईपर्यंत गाडीवान गप्पा मारायचे. त्या गप्पा आप्पांच्या डोक्यात साठल्या होत्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या लिहून काढल्या, 'काट्यावरच्या गप्पा' असं नाव दिलं आणि थेट पुण्याला पाठवल्या. पुस्तकाच्या पाठीवर पुण्याच्या प्रकाशकाचं नाव असल्याशिवाय माणूस लेखक होत नाही, नुसता लिहिणारा राहतो, अशी त्यांची पक्की समजूत होती. मग वाट पाहणं सुरू झालं. आप्पा रोज पोस्टमनला असे अडवायचे की शेवटी बायको छबूबाई म्हणाल्या, "अवं, तुमच्या भ्यानं पोस्टमन दुसऱ्या आळीनं जायलाय. आता बास करा."

आप्पांनी बास केलं आणि रागाच्या भरात हस्तलिखिताची झेरॉक्स घेऊन जामखेडला जोसेफ भिंगारदिवेचा छापखाना गाठला.

जोसेफ लग्नपत्रिका छापायचा. तालुक्यात कुणाचंही लग्न असो, हिंदूंचं असो की ख्रिश्चनांचं, पत्रिका त्याच्याकडची. आप्पांच्या लेकीची, निकिताची पत्रिकाही त्यानेच छापली होती. "पुस्तक म्हंजी काय आप्पा, जाडजूड पत्रिकाच की," तो म्हणाला होता. हे वाक्य आप्पांनी विनोद म्हणून घेतलं, तिथेच सगळं चुकलं. पुढे जोसेफने प्रूफ बघायला बोलावलं, तर आप्पांनी फक्त मुखपृष्ठावरचा स्वतःचा फोटो बघितला आणि मिशी जरा काळी करायला सांगून ते परत आले.

पुस्तक हातात पडल्यावर त्यांनी पहिलं पान उघडलं. वर सोनेरी गणपती. खाली लिहिलं होतं, 'आमचे येथे कुलस्वामिनीच्या कृपेने चि. राधाकृष्ण यांचे प्रथम पुस्तक करण्याचे योजिले आहे.' त्याखाली 'आगमनाभिलाषी' म्हणून चुलते, मावसे, मेहुणे आणि समस्त ढगे परिवार. शेवटच्या पानावर दोन चिमण्या आणि नातीच्या नावाने, 'आमच्या आप्पांच्या पुश्तकाला नक्की यायचं हं!'

"जोसेफ, हे काय करून ठिवलं?"

"आप्पा, आपल्या छापखान्यातून भावकीचं नाव गाळून आजपावतर एक कागद भाईर गेला न्हाई," जोसेफ अभिमानाने म्हणाला. "गाळलं की भांडनं लागतेत. आन् वाटायचं बी बघितलंय मी. निकिताताईच्या लग्नाला ज्यांना पत्रिका दिल्या, त्या समद्यांना पुस्तक पोचलं. हळदीकुंकवाची बोटं लावून."

तेव्हा आप्पा चरफडत घरी आले होते. पण आता पुण्याचा फोन आला आणि ते स्वतःलाच दूषणं देऊ लागले. अजून आठवडाभर दम धरला असता तर! त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. आयुष्यात एकच गोष्ट मनापासून मागितली होती, ती दारात आली आणि आपणच दाराला कडी घालून बसलो, असं त्यांना वाटत राहिलं. सकाळी उठल्याबरोबर त्यांनी ठरवलं. सगळ्या प्रती गोळा करायच्या आणि बंबात घालायच्या. पुस्तकच नाही म्हटल्यावर ते प्रसिद्ध कुठून झालं?

"दिलेली पत्रिका परत मागत न्हाईत आप्पा. अपशकुन असतो," जोसेफ म्हणाला.

"पत्रिका न्हाई, पुस्तक हाय ते!" आप्पा ओरडले आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसले.

पहिलं घर चुलतभाऊ छगनचं. त्याने पुस्तक वाचलंही नव्हतं. पहिल्या पानावरचा गणपती बघून, लग्नपत्रिका समजून ते तसंच मिटून देवापुढे ठेवलं होतं.

"परत पायजे?" छगनने आवाज खाली आणला. "मोडलं व्हय? पोरगी कुठली हुती?"

"कसली पोरगी?"

"असू दे, असू दे. सांगू नको. तुझ्या ओमला म्हनावं, धीर धर, दुसरी मिळंल." त्याने पुस्तक आणून दिलं, वर एक नारळ ठेवला आणि आप्पांच्या पाठीवरून हात फिरवला.

दुपारपर्यंत छबूबाईंचा फोन आला. "अवं, घरात बायांची रीघ लागलीय! ओमचं लग्न मोडलं म्हनून समद्या रडायल्यात. तीन वर्सं झाली, पोराचं कुठं जमंना, आन् ज्याचं जमलंच न्हाई त्याचं मोडलं म्हनून मी चहा पाजायलेय! तुमी काय करत हिंडताय?"

आप्पा पुढे निघाले. दुसऱ्या घरी दोन भावांची नुकतीच वाटणी झाली होती. पुस्तक एकच आलं, म्हणून त्यांनी त्याचीही वाटणी केली होती. पहिला अर्धा थोरल्याकडे, दुसरा अर्धा धाकट्याकडे. "माझं वाचून झाल्याबिगर मी देनार न्हाई," थोरला म्हणाला. "आन् त्याचं झाल्याबिगर मला पैलं काय झालं ते कळनार न्हाई," धाकटा म्हणाला. वाटणीनंतर ते पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते, म्हणून आप्पांना जोर करवेना.

मग अमृतचं घर. अमृत जुना गाडीवान. त्याचा ढवळ्या बैल भरल्या गाडीसकट रांग मोडून परस्पर घरी निघून गेला होता, ती गोष्ट आप्पांनी लिहिली होती. आप्पांनी हात पुढे केला तसं म्हाताऱ्याने पुस्तक धोतराच्या सोग्यात गुंडाळलं.

"न्हाई देनार. ढवळ्याची गोष्ट मी घरात किती येळा सांगितली, कुनी ऐकली न्हाई. छापून आली तशी सून बसून वाचून दाखवती. काल म्हनली, मामा, म्होरं काय झालं? मला! लगीन झाल्यापासनं तिनं मला पैल्यांदा काय इचारलं."

आप्पांनी पुढे केलेला हात मागे घेतला. जोसेफने हळूच मोटारसायकल चालू केली.

संध्याकाळपर्यंत पिशवीत जमा झालं ते छगनचं एक पुस्तक आणि एक नारळ. आप्पांनी मनाची समजूत घातली. गावात आहेत त्या प्रती राहू देत, पुण्याला कुणाला कळतंय? पण एक प्रत मात्र धोक्याची होती. थोरली बहीण भीमाबाई शनिशिंगणापूरला असायची. देवळाच्या वाटेवर तेलाचं आणि रुईच्या माळांचं तिचं दुकान होतं आणि पुण्याच्या गाड्यांची तिथे रांग लागते. तिने ते पुस्तक दुकानात मांडलं तर संपलंच. दुसऱ्या दिवशी आप्पा एसटीने नगरला गेले आणि तिथून शिंगणापूरच्या गाडीत बसले.

भीमाबाई घरी नव्हती. घराला दार नव्हतंच, शिंगणापुरात ते नसतंच. चौकटीतून आतली खाट दिसत होती आणि खाटेवर पुस्तक. वर भीमाबाईचा चष्मा. घेण्यासारखी इतकी सोपी प्रत आप्पांना आख्ख्या मोहिमेत मिळाली नव्हती.

त्यांनी आत जाऊन पुस्तक पिशवीत घातलं आणि उंबऱ्यापाशी त्यांचे पाय थांबले. शिंगणापुरात चोरी? लहानपणापासून ऐकलेलं सगळं त्यांना आठवलं. इथे चोरी करणाऱ्याला वेशीबाहेर जाता येत नाही, डोळ्यांपुढे अंधार येतो. त्यात आप्पांची रास मीन, साडेसाती ऐन भरात. पण पुस्तक तर मीच लिहिलंय, स्वतःच्या वस्तूची कसली चोरी, असं म्हणून त्यांनी एक पाय बाहेर टाकला. मग वाटलं, आता ते दिलेलं आहे, म्हणजे आक्काचं झालं. न विचारता घेतलं तर चोरीच. पाय आत आला. त्यांनी पुस्तक खाटेवर ठेवलं. परत उचललं. नेमक्या त्याच वेळी शेजारची पूजा चौकटीत येऊन उभी राहिली.

"कोन तुमी?"

"मी... भीमाबाईचा भाऊ."

"अगं बाई, लेखक!" पूजा तिथूनच ओरडली, "ए, या गं समद्या! लेखक आलेत!"

बघता बघता चार-पाच बाया पोथी ऐकायला बसावं तशा जमिनीवर बसल्या. मागोमाग तेलकट हात पदराला पुसत भीमाबाई आली. दुपारी दुकानावर गर्दी कमी झाली की ती रोज सगळ्यांना पुस्तक वाचून दाखवायची, असं कळलं.

"बरं झालं आलास राधू. मला बारीक अक्षर दिसंना आता."

"आक्का," आप्पा म्हणाले, "मी पुस्तक न्यायला आलोय." आणि त्यांनी पुण्याच्या फोनपासून सगळं सांगून टाकलं.

भीमाबाई भांडली नाही. तेच आप्पांना जास्त लागलं. "तुझ्या चांगल्याचं असंल तर ने बाबा," ती म्हणाली. "पन निम्म्यावर सोडू नको. ढवळ्या घरी गेला, तिथवर झालंय आमचं. म्होरचं वाचून दाखव आन् ने."

आप्पा वाचू लागले. आधी घाईने, मग सावकाश. जिथे हसू येईल म्हणून लिहिलं होतं, तिथे एकीने डोळ्यांना पदर लावला. जिथे आपण फार गंभीर लिहिलंय असं त्यांना वाटत होतं, तिथे सगळ्या खो खो हसल्या. आप्पांना फार बरं वाटलं. इतकं बरं त्यांना पुण्याचा फोन आला तेव्हाही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. गोवंडेच होते.

"ढगे, कराराचा कागद पाठवू ना?"

आप्पांनी बायांकडे पाहिलं. "साहेब, मी खोटं बोललो. पुस्तक निघालंय. जामखेडला."

"अरेरे!" गोवंडे म्हणाले. "मग प्रती परत घ्या की सगळ्या."

"तेच करायलोय दोन दिस झालं. कुनी देईना."

"देईना म्हणजे?"

"मागितलं की भांडायला उठतेत. एकानं दिलं, तर त्यानं वाचलंच नव्हतं."

मग गोवंडे हळू आवाजात म्हणाले, "ढगे, माझ्या गोदामात पाय ठेवायला जागा नाही. आमची पुस्तकं न मागता परत येतात हो. तुमचं मागूनही येत नाही? ते नियमाचं राहू द्या. दुसरी आवृत्ती आम्ही काढतो. माझं ऐका, आत्ताच बोलून टाकू..."

"राधू, कोन हाय रं त्यो?" भीमाबाई वैतागली. "वाच की म्होरं! दुकान उघडायचंय मला."

"साहेब," दीड वर्ष ज्या फोनची वाट पाहिली त्या फोनमध्ये आप्पा म्हणाले, "तुमी जरा थांबा. मानसं खोळंबल्यात."

त्यांनी फोन बंद करून पिशवीत टाकला आणि पुढचं पान काढलं.