भाच्याने न प्यालेला चहा

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, भिवंडीतल्या आमच्या कॉलेजात एका यंत्राला नातं मिळालं आहे. समाजशास्त्राचे गायकवाड सर लॅपटॉपमधल्या एआयला ‘भाचा’ म्हणतात.

विद्यार्थ्यांच्या संशोधनाला मार्गदर्शक हे दोघे, मामा आणि भाचा. प्रश्नावली तपासणं, वाक्यं सरळ करणं भाच्याकडे. पण प्रबंधाच्या प्रकरणावर सही करण्याआधी सर एकच विचारतात, “मुलाखत घेतलीस त्या घरचा चहा कसा होता?” का, तर “भाचा हुशार हाय, पण कुणाच्या घरचा चा प्यायला न्हाय!”

या चहात बुडाली दिघाशी गावची वैशाली. विषय, राहनाळच्या गोदामांत काम करणाऱ्या बायका. सोमवारी प्रकरण दिलं नाही तर वर्ष वाया.

“चहा?”

“छान होता, सर. आल्याचा.”

“सगळ्यांकडे?”

“हो, सगळ्यांकडे.”

“शिफ्ट करून आलेल्या झाडून सगळ्या बाया आलं किसत बसल्या? भाच्या, तू पण ना!” सरांनी लॅपटॉपलाच दटावलं.

वैशाली रडायला लागली. मुलाखती भाच्याने रचल्या होत्या. “अनोळखी घरात जाऊन बोलायचं काय, सर? भीती वाटते.”

आता सर ओरडणार म्हणून शेजारच्या टेबलावरची मी कानात बोटं घालायच्या तयारीत. पण सर उठले. “चल, पहिलं घर माझं. माझी मुलाखत घे. मॅडम, तुम्हीपण चला, साक्षीदार पायजे.”

टेमघरला सरांच्या घरी मी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेले. वहिनी गेल्यापासून सर एकटे, एवढंच ठाऊक होतं. कप दोनच निघाले. सरांनी स्वतःला चहा पेल्यात घेतला. साखर साफ विसरले आणि वर ऐटीत, “कसा झालाय?” संशोधनात खोटं बोलू नये, म्हणून आम्ही दोघी साखरेचा डबा शोधायला लागलो.

मग सवयीने त्यांनी लॅपटॉप उघडला. तो चक्क बोलला, “मामा, जेवलात का?”

सर गोरेमोरे झाले. “मीच सांगून ठेवलंय त्याला, रोज विचारायला. गंमत आपली.”

पुढे वैशालीने राहनाळच्या त्या बायकांची घरं पालथी घातली, कोरा चहा प्यायला, सोमवारी सही मिळवली. पण तिची खरी पहिली मुलाखत त्या दिवशी सरांच्याच खोलीत झाली. प्रश्नावली बाजूला सारून ती एकदम बोलून गेली,

“काय सर, त्याला कशाला शिकवलंत? आम्ही विचारलं असतं ना!”