झेंड्यामागे न जाणारा माणूस

"मी झेंड्यामागे चालत नाही!" इटलीतल्या बारी बंदराच्या धक्क्यावर मी बेरिलला ठणकावून सांगितलं. जहाजावरचे बाकीचे प्रवासी एका गाइडबाईच्या पिवळ्या झेंड्यामागे निमूट निघाले होते. "मी तीस वर्षं स्टॉकपोर्टच्या बसची वेळापत्रकं आखलीत! चारला जहाज सुटतं, साडेतीनला आपण आत. चुकलं, तर पुढच्या बंदरापर्यंत पोहत जाईन!"

"पासपोर्ट केबिनमध्ये आहेत आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यापण," माझी बायको शांतपणे म्हणाली. "पाण्यात उडी मारण्याआधी एवढं आठव."

एक वाजता जुन्या गावातल्या गल्लीत एक लांब टेबल दिसलं. चौकड्यांचं कापड, अकरा माणसं, टोकाला दोन खुर्च्या रिकाम्या. असलं हॉटेल झेंडेवाल्यांना जन्मात सापडलं नसतं! आम्ही बसलो. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एका आजीबाईंनी भरलेल्या दोन ताटल्या पुढे सरकवल्या. मेनूकार्डाची भानगडच नाही!

आतून पदार्थ आणणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला सगळे निकोला म्हणत होते. हा वेटर, हे मी लगेच ओळखलं. त्याला इंग्रजी येत होतं. मी बोट वर करून बियर मागवली. गार नाही म्हणून परत पाठवली. बिचाऱ्यानं बदलून आणली. टेबलावर सगळे वाइन पीत होते, हा एकटा पाणी. ड्युटीवर असणार!

माझ्या आईनं ताटलीत कणही टाकू दिला नाही कधी. मी पास्ता पुसून साफ केला. आजीबाईंनी ताटली पुन्हा भरली. मी पुन्हा साफ केली. त्यांनी पुन्हा भरली! मग मटण आलं, वांगी आली. घड्याळात तीन वाजले आणि मला घाम फुटला.

"निकोला, जरा आटपा! आमचं जहाज चारला सुटतंय!"

"ते मोठं पांढरं? बसा हो. नाही सुटत."

"अहो, वेळापत्रकात चार लिहिलंय!"

"लिहू द्या. माझी कॉफी झाल्याशिवाय नाही सुटत."

वेटरला जहाजातलं काय कळतं! मी संतापून बेरिलकडे वळलो. ती आत हात धुऊन परत आली होती, चेहरा पांढराफटक.

"डेस्मंड, आत पलंग आहे. भिंतीवर निकोलाच्या लग्नाचा फोटो आहे. आपण यांच्या घरी रविवारचं जेवायला बसलोय! आणि तू त्यांची बियर परत पाठवलीस!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण आम्हा इंग्रजांत माफी मागितल्याशिवाय उठता येत नाही. मी अकराही जणांची एकेक करून माफी मागितली. अकराही जणांनी माझे दोन्ही गाल चुंबले आणि प्रत्येकानं काहीतरी तोंडात कोंबलं. साडेतीन!

आम्ही पळालो. गल्ल्या फिरून फिरून त्याच टेबलापाशी आलो. पुन्हा पळालो, पुन्हा तेच टेबल! लोक प्रेमानं हात हलवत होते. "माझ्या गोळ्या!" बेरिल रडकुंडीला आली. मला खरंच भीती वाटली. जहाज सुटण्याची नव्हे, तिच्या जिवाची. शेवटी लांबून तो पिवळा झेंडा दिसला आणि मी, हो मीच, त्याच्यामागे धावलो.

चारला दोन मिनिटं कमी असताना आम्ही जहाजावर चढून जिन्याच्या तोंडाशीच कोसळलो. चार वाजले. सव्वाचार झाले. जहाज हलेना! कर्ण्यातून आवाज आला, "बंदरातून जहाज बाहेर काढून देणारे पायलटसाहेब अजून आलेले नाहीत. क्षमस्व."

तेवढ्यात पायलटसाहेब आले. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, हातात डबा. निकोला!

"काय राव, सांगत होतो ना, नाही सुटत म्हणून! तुम्ही गोड न खाताच पळालात. आई डबा भरत बसली, म्हणून उशीर." त्यानं डबा माझ्या मांडीवर ठेवला. "आणि ती म्हणालीय, पाहुण्यांनी हा संपवल्याशिवाय जहाज हलवायचं नाही."

दोन हजार प्रवाशांचं जहाज माझ्या तोंडाकडे बघत थांबलं. मी चमचा उचलला.

"आणि डेस्मंड," बेरिल गोळी गिळत म्हणाली, "या वेळी थोडं शिल्लक ठेव. नाहीतर ती पुन्हा भरून पाठवेल."